‘तिथे गेलं की भाषा आपोआप येते’? नाही येत हो

सध्या एक मेसेज सगळीकडे फिरतोय, की परदेशात शिकायला चाललाय ना, मग भाषेच्या क्लासवर वेळ घालवू नका, तिथल्या लोकांशी गप्पा मारा, चुकलं तर ते सुधारतील, लहान मुलांसारखी सहा महिन्यांत भाषा आपोआप येते, व्याकरण लागतच नाही. मी जर्मनीत शिकून आलेय, आणि यातलं ‘गप्पा मारा’ एवढंच मला पटतं.

पहिलं म्हणजे गप्पा मारणार कोणाशी? तुम्ही अडखळलात की समोरचा चांगुलपणाने लगेच इंग्रजीवर येतो, लेक्चर इंग्रजीत, होस्टेलवर आपलीच मंडळी, बघता बघता सेमिस्टर संपतं.

‘चुकलं तर ते सुधारतील’, हे तर मला फार महागात पडलं. मी म्हणायचे ‘इश हाबे नाख हाउजं गेगांगन’, म्हणजे मी घरी गेले, आणि फ्लॅटमेट म्हणायची ‘आख झो, दू बिस्ट नाख हाउजं गेगांगन?’, म्हणजे अच्छा, तू घरी गेलीस?, आणि गप्पा पुढे चालू. जाण्याच्या क्रियापदाला हाबे नाही, बिन लागतं, हे ती त्या ‘बिस्ट’मधून (बिनचंच ‘तू’साठीचं रूप) सांगत होती, मला वाटायचं नुसतं विचारतेय, चार महिने मी तेच चुकीचं बोलत राहिले! चूक न दाखवता बरोबर वाक्य असं सहज परत म्हणण्याला रीकास्ट म्हणतात. लिस्टर आणि रांटा या संशोधकांनी १९९७ मध्ये फ्रेंच इमर्शनच्या, म्हणजे बाकीचे विषयही फ्रेंचमधून शिकवणाऱ्या वर्गांचा अभ्यास छापला, त्यातही शिक्षक सगळ्यात जास्त असंच सुधारायचे आणि मुलं त्यालाच सगळ्यात कमी प्रतिसाद द्यायची. वर्गात ही गत, तर गप्पांच्या नादात कोणाचं लक्ष जाणार?

आणि लहान मुलांशी तुलना कशाला, त्यांना वर्षानुवर्षं दिवसभर तेच ऐकायला मिळतं, शिवाय थिसिस लिहायचा नसतो. मोठ्या माणसाचं बघायचं तर भाषा-संशोधक रिचर्ड श्मिट यांनी १९८३ मध्ये मांडलेला ‘वेस’ बघा, जपानहून हवाईला आलेला, बोलघेवडा, लोकांत मिसळणारा, तीन वर्षांत इंग्रजी संभाषणात तयार झाला पण व्याकरण जवळपास होतं तिथेच राहिलं.

सहा महिन्यांचं म्हणाल तर अमेरिकेचं परराष्ट्र खातं स्वतःच्या अधिकाऱ्यांना जपानी किंवा अरबी शिकवायला ८८ आठवडे, २२०० तास धरतं, तेही क्लासमध्ये.

गप्पा सोडा असं मी अजिबात म्हणत नाहीये, त्यांच्याशिवाय तोंड उघडतच नाही. फक्त चुका स्पष्ट दाखवायला समोरच्याला आधीच सांगून ठेवा. मी शेवटी फ्लॅटमेटला म्हटलं, मधे थांबवू नकोस, पण जेवण झालं की माझ्या तीन चुका स्पष्ट सांग, आणि त्या मी वहीत लिहून दुसऱ्या दिवशी मुद्दाम वापरायचे. ‘बिन’ तोंडात बसलं ते तेव्हा.