चित्र मागवताना माणसंही मागा

२०१९ च्या जूनमध्ये अख्खा महाराष्ट्र ‘सत्तावीस’ म्हणायचं की ‘वीस सात’ यावर हातघाईवर आला होता. दुसरीच्या गणिताच्या पुस्तकाने तो धुरळा उडवला होता आणि तो थेट विधानसभेपर्यंत पोचला. त्याच वर्षी बालभारतीच्या दुसरीच्या नव्या पुस्तकात एक चित्र आलं. घरात बाई आणि पुरुष दोघं मिळून भाजी निवडतायत. आणखी एका ठिकाणी डॉक्टर बाई, वाहतूक पोलीस बाई, आणि आचारी मात्र पुरुष. मुलांनी चित्रं बघायची आणि त्यावर बोलायचं, एवढंच काम. चार बातम्या आल्या, थोडं कौतुक झालं आणि पुस्तक राज्यभरच्या दप्तरांत जाऊन पडलं.

मी मुलांच्या पुस्तकांसाठी आणि आरोग्याच्या माहितीपत्रकांसाठी चित्रं काढते. माझं घर त्यावरच चालतं. आणि मला त्या भाजी निवडणाऱ्या बाप्याचं आजही फार अप्रूप आहे. समानतेवर वेगळा धडा काढून त्यात त्याला उभं केलेलं नव्हतं. तो घरातला माणूस होता, घरातलं काम करत होता. सात वर्षांचं मूल ते चित्र बघतं, पान उलटतं, आणि ते चित्र त्याच्या डोक्यात ‘घर’ या खात्यात जमा होतं.

हा बदल मंडळाने ठरवून केला होता, तेव्हाचे संचालक सुनील मगर यांनी तसं जाहीरपणे सांगितलंही होतं. मला नेमकं याच्याबद्दल लिहायचंय. आमच्या धंद्यात चित्र चित्रकाराच्या मनातून कमी आणि मागणाऱ्याच्या कागदावरून जास्त येतं. तो कागद, म्हणजे ब्रीफ, साधारण असा असतो: ‘कुटुंब, पाच माणसं, आनंदी, पार्श्वभूमीला घर.’ बस्स. पाच माणसं कशी, किती जाड, किती सावळी, कोण चष्म्यातलं, कोण कुबडीवरचं, यावर अक्षर नसतं. जिथे काही लिहिलेलं नसतं तिथे हात सवयीचं काढतो.

ती सवय काही आजची नाही. रविवर्म्यांच्या छापखान्यातून, जो पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला, गोऱ्यापान देवी घराघरांत गेल्या. मग मुळगावकर, दीनानाथ दलाल हे चित्रकार आले. दलाल मला मनापासून आवडतात, त्यांच्या रेषेसमोर आजही हात जोडावेसे वाटतात. पण त्यांच्या मुखपृष्ठांवरची बाई बघा. भरलेली पण बांधीव, नितळ, उजळ. दिवाळी अंक, कॅलेंडर, साडीचं दुकान, सगळीकडे हीच. पिढ्यान्‌पिढ्या आपण ‘सुंदर’ म्हणून एकच शरीर पाहिलं आणि बाकीची शरीरं विनोदाला, खलनायकाला किंवा दयेला वाटून टाकली. जाडा मुलगा म्हणजे हातात वडापाव. काळा म्हणजे गुंड किंवा हमाल. म्हातारी म्हणजे काठी आणि पोक. चाकाच्या खुर्चीतली मुलगी नेहमी एकटी, कोपऱ्यात, आणि कुणीतरी तिला ढकलतंय.

एका संस्थेने (नाव घेत नाही) पौगंडावस्थेतल्या मुलींसाठी पुस्तिका करायला दिली होती. चित्रं गेली आणि उत्तर आलं, ‘सगळ्या मुली एक शेड गोऱ्या करा, पालकांना आवडत नाही.’ पुस्तिकेच्या पहिल्याच पानावर मोठ्या अक्षरांत छापलेलं होतं, ‘तू जशी आहेस तशी छान आहेस.’

मला सांगितलं जातं की हा सौंदर्याचा प्रश्न नाही, छपाईचा आहे. त्यात थोडं तथ्य आहे, म्हणून नीट सांगते. चार रंगांच्या छपाईत स्वस्त कागद शाई पितो, ठिपके पसरतात, आणि चित्र पडद्यावर दिसलं त्याहून गडद उतरतं. सावळ्या चेहऱ्यात काळी शाई घातलेली असेल तर त्याचा चिखल होतो, नाकडोळे बुडतात. पण यावर उपाय आहे आणि तो अवघडही नाही. त्वचेतली काळी शाई काढून टाकायची, मॅजेंटा (गडद गुलाबी) आणि पिवळा जोरात ठेवायचे, निळा फक्त सावलीपुरता. गालाच्या हाडावर, कपाळावर उजेड पाडायचा, मागची भिंत फिकी ठेवायची. एक प्रूफ, म्हणजे छपाईचा नमुना, जास्त काढावं लागतं, तेवढाच खर्च. सावळा माणूस अगदी देखणा छापून येतो.

आणि आरोग्याच्या पत्रकात तर हा देखणेपणाचा प्रश्न उरतच नाही. कुष्ठरोगाच्या मोहिमेचं चित्र घ्या. आपल्याकडच्या सावळ्या कातडीवर तो चट्टा बहुतेकदा फिकट दिसतो आणि तिथे बधिरपणा असतो. चित्रातली पाठ गोरी रंगवली की फिकट चट्टा दिसणारच नाही, मग तो लाल काढला जातो. आता गावात आशाताई तो तक्ता दाखवणार आणि समोरचा माणूस स्वतःच्या पाठीवर लाल डाग शोधणार. नायजेरियाच्या चिडिएबेरे इबे या तरुणाने काढलेलं, काळ्या आईच्या पोटातल्या काळ्या बाळाचं वैद्यकीय चित्र २०२१ च्या डिसेंबरात जगभर फिरलं. असं चित्र आपण आयुष्यात पहिल्यांदा पाहतोय, असं किती जणांनी लिहिलं. आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांतल्या गरोदर मातेच्या तक्त्यांकडे एकदा याच नजरेने बघा.

शरीरं नीट काढायला ती नीट बघावी लागतात. सध्या एका शाळांच्या कामासाठी मी गर्दीचं चित्र करतेय: गावातला आठवडी बाजार. त्यात एक माणूस हाताने चालवायच्या तीनचाकीवर आहे. परदेशी चित्रसंग्रहात सापडते ती गुळगुळीत व्हीलचेअर आपल्या बाजारात क्वचितच दिसते. दिसते ती सरकारी शिबिरातून मिळालेली तीनचाकी. छातीसमोर फिरवायचा दांडा, साखळी, मागे लटकवलेली पिशवी, आणि हे सगळं चालवून चालवून कमावलेले दणकट खांदे. ते खांदे काढले की तो माणूस बिचारा दिसूच शकत नाही. एक मुलगी जयपूर फूट, म्हणजे कृत्रिम पाय, लावून मांडी घालून टोमॅटो विकतेय. तो पाय आपल्या बसण्यासाठीच बनलाय, त्यावर उकिडवं बसता येतं, मांडी घालता येते, अनवाणी चालता येतं. एका बाईच्या हातांवर आणि ओठांभोवती कोड आहे. त्याच्या कडा नकाशातल्या किनाऱ्यासारख्या वेड्यावाकड्या असतात, त्या गुळगुळीत काढल्या की रंग सांडल्यासारखं वाटतं. ती बाई वजनकाट्यावरून भांडतेय. एक जाडा मुलगा पळतोय, कारण त्याला पळायचंय. हातात खाऊ नाही.

सगळ्यात कठीण आहे बाजारातली ट्रान्स स्त्री, म्हणजे जन्मावेळी मुलगा म्हणून नोंदली गेलेली बाई. इथे मी बराच वेळ अडले, कारण हा पेच खरा आहे. तिला कुठल्याही बाईसारखी काढली तर ती आहे हे कुणाला कळणार नाही. कळावं म्हणून टाळी, भडक लिपस्टिक, रुंद जबडा काढला तर मीही त्याच थट्टेत सामील झाले. चेहऱ्यात उत्तर शोधणं मी सोडून दिलं. आता ती बाजारात पोलीस शिपाई आहे, छातीवर नावाची पट्टी आहे, आणि बाजूच्या मजकुरात तिची चार ओळींची ओळख आहे. हे स्वप्नरंजन वाटत असेल त्यांना आठवण करून देते की २०२२ च्या डिसेंबरात मुंबई उच्च न्यायालयाने खडसावल्यावरच राज्याने पोलीस भरतीच्या अर्जात तृतीयपंथीयांसाठी रकाना खुला केला.

या पेचावर याहून भक्कम उत्तर बंगळुरूच्या अरवनी आर्ट प्रोजेक्टने दिलंय. पूर्णिमा सुकुमार यांनी २०१६ मध्ये सुरू केलेल्या या गटात ट्रान्स स्त्रिया स्वतः भिंती रंगवतात. स्वतःचे चेहरे, स्वतःच्या आवडीची फुलं, स्वतःला हवे ते रंग. २०२४ मध्ये त्यांचं भलंमोठं भित्तिचित्र व्हेनिसच्या बिएनालेत, म्हणजे दर दोन वर्षांनी भरणाऱ्या जागतिक कलाप्रदर्शनात होतं. तिथले चेहरे बघताना ‘हिला कसं काढावं’ हा माझा प्रश्नच उरत नाही, कारण ब्रश तिच्याच हातात आहे. काम देणाऱ्यांनी एवढं जरी केलं, चित्रात कुणाला घ्यायचं याच्याबरोबर चित्र कुणाकडून घ्यायचं हेही ठरवलं, तर माझ्यासारखीचं एखादं काम जाईल. जाऊ दे.

‘लहान मुलांना हे कशाला?’ हा प्रश्न मला हमखास येतो. मूल आईबरोबर लोकलमध्ये बसतं, रिक्षातून सिग्नलला थांबतं, घरात बारसं होतं. तृतीयपंथी माणूस त्याने पाहिलेला असतोच. त्याने पाहिलेला नसतो तो काच वर न करणारा मोठा माणूस. पुस्तक त्याला दुसरं एखादं चित्र देऊ शकतं, आणि आपण तेही काढून घेतो. २०२१ मध्ये एनसीईआरटी या शालेय शिक्षणाच्या केंद्रीय संस्थेने शाळांमध्ये ट्रान्स मुलांना सामावून घेण्याबद्दल प्रशिक्षण पुस्तिका तयार केली होती. ती शिक्षकांसाठी होती, मुलांसाठी नव्हे. आक्षेप आले आणि ती संकेतस्थळावरून उतरवली गेली. मला याचा आजही राग आहे. शौचालय, गणवेश, वर्गात होणारी चिडवाचिडवी असले रोजचे प्रश्न होते त्यात.

काहीजण प्रेमाने सुचवतात की अर्धनारीनटेश्वराचं उदाहरण द्या, म्हणजे लोक ऐकतील. घारापुरीचं ते शिल्प मी तासन्‌तास बघितलंय, एकीकडे नंदीवर टेकलेला हात आणि दुसरीकडे आरसा, एकाच धडात. विलक्षण आहे. पण त्या दगडाला हात जोडून परतीच्या लाँचमधून उतरलेला माणूस गेटवेपाशी टाळी वाजवणाऱ्याला हुसकावून लावतो, आणि त्याला त्यात काही विसंगत वाटत नाही. देवत्व देऊन झालंय, त्याने भागलेलं नाही. बाजारात, बँकेच्या रांगेत, शाळेच्या पालकसभेत साधं दिसता आलं पाहिजे.

आता कामाचं. दिवाळी अंकांची मुखपृष्ठं आणि आतली चित्रं या दिवसांत मागवली जातात. संपादकांनो, मागणी लिहिताना दोन ओळी जास्त लिहा. वय, रंग, अंगकाठी, कोण काय काम करतंय, कुणाला कमी ऐकू येतं, हे तुम्हीच सांगा. चित्रकाराला प्रत्यक्ष माणसं बघायला आठवडाभराचा वेळ द्या, आणि त्या वेळेचे पैसेही द्या. ‘जरा गोरं करा’ हा निरोप कार्यालयातल्या कुणी पाठवायचा नाही, असं आधीच ठरवून टाका. हातात दिवा घेतलेली बाई यंदाही काढूया, मला तो दिवा आवडतो. फक्त ती पन्नाशीची, सावळी, जाड दंडांची असू दे, आणि तिला देखणी काढायची जबाबदारी आमची.

माझ्याकडे यंदा नव्या कामाला जागा नाही, पण ज्यांच्याकडे आहे अशा काही चित्रकारांची नावं मी देऊ शकते. त्यात ट्रान्स चित्रकार आहेत, एकजण व्हीलचेअरवरून काम करते. इनबॉक्समध्ये विचारा, त्यांची परवानगी घेऊन नंबर पाठवते. दर त्यांचा तेच सांगतील, घासाघीस करू नका.