भाकरीला बारकोड नसतो

पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक सल्ला सारखा फिरतो: पोरांच्या मोबाईलमध्ये कॅलरी मोजणारं अ‍ॅप टाका, पाकिटाचा बारकोड स्कॅन करा, ताटाचा फोटो काढा, खाणं आपोआप सुधारतं. मोबाईल उपयोगी पडतो, पण असा नाही.

आधी स्कॅनचं बघू. वेफर्सच्या पाकिटाला बारकोड असतो, भाकरीला आणि अंबाडीच्या भाजीला नसतो. मग पाकिटाची नोंद दोन सेकंदांत होते, जेवणाची राहून जाते. अ‍ॅपला दुपार कोरी दिसते आणि ते सांगतं, अजून खाल्लं तरी चालेल! पाकिटावर सोडियम बहुधा 100 ग्रॅममागे मिलिग्रॅममध्ये छापतात. त्याला 2.5 ने गुणलं की मीठ निघतं. 800 मिलिग्रॅम म्हणजे 2 ग्रॅम मीठ. एवढं गणित स्कॅनशिवायही जमतं.

फोटोत कूट आणि तेल दिसत नाही. भाजीत विरघळलेलं 20 ग्रॅम शेंगदाण्याचं कूट म्हणजे सुमारे 100 कॅलरी. आणि अ‍ॅपमधली ‘एक भाकरी’ नेमकी कुणाच्या हातची? त्यापेक्षा पिठाचा डबा भाकरी थापण्याआधी आणि नंतर काट्यावर ठेवा, फरकाला भाकरींच्या संख्येने भागा. 600 ग्रॅमच्या 8 झाल्या तर एकीत 75 ग्रॅम ज्वारीचं पीठ, साधारण 250 कॅलरी. हा आकडा अ‍ॅपमध्ये एकदा भरून ठेवावा. थापणारा हात बदलला की परत मोजावं.

कॅलरीचं लक्ष्य हा खरा धोका. अशा बऱ्याच अ‍ॅपचा हिशेब वजन उतरवणाऱ्या मोठ्या माणसांसाठी असतो. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) 2020 च्या शिफारशीत 13 ते 15 वर्षांच्या मुलीला दिवसाला 2400 आणि मुलाला 2860 कॅलरी आहेत. 1500 चं लक्ष्य लावलेली मुलगी डबा तसाच परत आणते आणि संध्याकाळी भज्यांवर तुटून पडते.

कॅलरीच्या नादात लोह सुटतं ते वेगळंच. याच वयाच्या मुलीला रोज 30 मिलिग्रॅम लोह लागतं. वरच्या मापाच्या 3 भाकरींतून जेमतेम 9 मिळतं. परभणीच्या कृषी विद्यापीठाच्या ‘परभणी शक्ती’ या ज्वारीच्या वाणात लोह-जस्त जास्त आहे, पण अ‍ॅपला सगळी ज्वारी सारखीच.

नोटिफिकेशनने सवय लागते, हेही अर्धंच खरं. ‘पाणी प्या, फळं खा’ हे चौथ्या दिवशी म्यूट होतं. एकाच ठरलेल्या कामाचा अलार्म टिकतो. शाळेतून आठवड्याला मिळणाऱ्या लोहाच्या निळ्या गोळीचंच उदाहरण घ्या: त्या वाराला, जेवणानंतरचा अलार्म लावायचा. जेवताना लिंबू पिळायचं, पुढे तासभर चहा नाही. उपाशीपोटी घेतली की मळमळतं आणि पोरी गोळी दप्तरातच ठेवतात. शौचाला काळी होते, हे आधीच सांगून ठेवा, नाहीतर पहिल्याच आठवड्यात घाबरून बंद होते.