थरथर कोणत्या वेगाला येते, ते आधी सांगा

जुनी पिकअप घेणाऱ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज फिरून फिरून येतो. त्याचा गोषवारा असा: स्टिअरिंग थरथरलं की समजा अलाइनमेंट गेली. बॅलन्सिंग मशीनवर शून्य आलं की चाकांचा विषय संपला. तरी थरथर राहिली तर हवा पाच पौंड कमी ठेवा. ब्रेक मारल्यावर हललं तर पॅड बदला. एवढं करून गेलं नाही तर स्टिअरिंग बॉक्स आवळा, नाहीतर दुसरा टाका. आणि शेवटी दिलासा: जुन्या पिकअपला एवढं चालायचंच.

यात थोडंथोडं खरं आहे, म्हणूनच तो पटतो. पण यात कुठेही गाडीवाल्याला विचारलेलं नाही की बाबा, थरथर नेमकी येते कधी? हा प्रश्न फुकट आहे आणि अर्धं निदान त्याच्या उत्तरातच असतं.

"थरथरलं म्हणजे अलाइनमेंट गेली"

अलाइनमेंट म्हणजे चाकांचे कोन. ते बिघडले तर गाडी एका बाजूला ओढते, सरळ रस्त्यावर स्टिअरिंग तिरकं राहतं, टायर एका कडेने खातो. अशा टायरवर आडवा हात फिरवला तर एका दिशेने गुळगुळीत लागतो आणि उलट दिशेने करवतीसारखा. या लक्षणांत थरथर बसत नाही, कारण कोन दर फेरीला बदलत नसतो. थरथर येते ती चाकाच्या प्रत्येक फेरीत एकदा बसणाऱ्या हिसक्यातून. बिघडलेल्या टोने (पुढची चाकं वरून बघताना आत किंवा बाहेर वळलेली असतात तो कोन) टायर वेडावाकडा झिजला तर तो टायर पुढे थरथरेल, हे खरं. पण मग दोष टायरमध्ये उतरलेला असतो आणि अलाइनमेंट करून तो परत गोल होत नाही.

शिवाय पुढे पाटे (लोखंडी पट्ट्यांच्या स्प्रिंगा) आणि सरळ ॲक्सल असलेल्या पिकअपमध्ये मशीनवर सेट होतो तो मुख्यतः टो. टाय रॉड एंड, म्हणजे दोन्ही पुढची चाकं जोडणाऱ्या दांड्याचा टोकाचा सांधा, लूज असताना केलेली अलाइनमेंट पहिल्या दणक्यापर्यंत टिकते. म्हणून आधी सांधे, मग टायर, आणि अलाइनमेंट सगळ्यात शेवटी.

आता वेगाचं. २१५/७५ आर १५ मापाचं चाक साधारण ७०० मिलिमीटर व्यासाचं, म्हणजे एका फेरीत सुमारे २.२ मीटर जातं. ताशी ८० ला ते सेकंदाला दहा वेळा फिरतं. पुढच्या ॲक्सल-सस्पेन्शनची स्वतःची लयही बऱ्याच गाड्यांत याच्याच आसपास असते. त्यामुळे बॅलन्सचा दोष ७० ते ९० या पट्ट्यात उसळतो आणि शंभराकडे गेल्यावर कमी झाल्यासारखा वाटतो. "वेग वाढवला की जातं" असं सांगणारा खोटं बोलत नसतो. फक्त दोष गेलेला नसतो.

२० ते ४० च्या वेगात स्टिअरिंग डावी-उजवी डुलत असेल तर बॅलन्सिंगवर पैसे घालू नका. तिथे टायरचे आतले पट्टे सुटलेले असतात किंवा रिम वाकलेली असते. स्टिअरिंग शांत आणि सीट-फ्लोअर झणझणत असेल तर मागची चाकं किंवा जॉइंट शाफ्ट (गिअरबॉक्सपासून मागच्या ॲक्सलकडे जाणारा दांडा) बघा. डिफरन्शिअलच्या रेशोमुळे शाफ्ट चाकाच्या चारपाच पट वेगाने फिरतो, त्यामुळे त्याची थरथर बारीक आणि गुणगुणल्यासारखी येते. शाफ्टच्या सांध्यातले क्रॉस आणि त्याला मध्ये धरणारं सेंटर बेअरिंग हाताने हलवून बघायला पाच मिनिटं लागतात.

इंजिनचा संशय असेल तर मोकळ्या रस्त्यावर थरथर येते त्याच वेगाला गाडी न्यूट्रल करा. गेली तर इंजिन किंवा त्याचे माउंटिंग. राहिली तर चाकं किंवा शाफ्ट. चावी मात्र बंद करायची नाही. पॉवर स्टिअरिंग आणि ब्रेकचा बूस्टर दोन्ही इंजिनवर आहेत, आणि चावी पार मागे गेली तर स्टिअरिंग लॉक होऊ शकतं.

नागपुरात आणखी एक गोची आहे: सिमेंट रस्ते. स्लॅबचे सांधे साधारण साडेचार मीटरवर असतात, म्हणजे ताशी ८० ला सेकंदाला जवळपास पाच ठोके. चाकाचा हिसका त्याच वेगाला दहा वेळा येतो. पण हाताला दोन्ही एकच वाटतं आणि चांगल्या गाडीवर आळ येतो. उलट वाईट गाडी विकणाराही "रस्त्याचं आहे भाऊ" म्हणून सुटतो. ट्रायल नेहमी गुळगुळीत डांबरी पट्ट्यावर घ्या, जाताना आणि येताना दोन्ही.

"बॅलन्सिंग मशीनवर शून्य आलं, विषय संपला"

बॅलन्स किती महत्त्वाचा आहे ते आकड्यात बघू. १५ इंची रिमच्या कडेला ५० ग्रॅमचा फरक असेल तर ताशी ८० ला तो दर फेरीला सुमारे चार किलोची ओढ देतो. ४० ला हीच ओढ एक किलो, कारण वेग दुप्पट झाला की ओढ चौपट होते. म्हणून गावात शांत वाटणारी गाडी वर्धा रोडवर लागली की हात थरथरवते.

पण बॅलन्सिंगची वजनं लावायच्या आधी रिमच्या आत हात घाला. काटोल-नरखेडकडच्या संत्र्याच्या बागांतून किंवा कपाशीच्या वावरातून आलेल्या गाडीत आतल्या बाजूला काळी माती सुकून दगडासारखी बसलेली असते. पाव किलोचा थर सहज निघतो, तोही एकाच बाजूला. मातीसकट बॅलन्स केलेलं चाक पहिल्या पावसात अर्धा थर सोडतं आणि लावलेली वजनंच दोष होऊन बसतात. आधी पाण्याचा फवारा, सुकलेली माती पट्टीने खरवडणं, मग मशीन.

मशीनवर तीन गोष्टी समोर उभं राहून बघा. जुनी वजनं सगळी काढली का? चाक मशीनवर धरणारा शंकू रिमच्या मधल्या भोकात नीट बसला का, की गंजावर तिरका? आणि शून्य आल्यावर चाक ढिलं करून, अर्धं फिरवून, परत कसून पुन्हा शून्य येतं का? दुसऱ्यांदा ३०-४० ग्रॅम दाखवलं तर पहिलं शून्य खोटं होतं. एका चाकाला ऐंशी-शंभर ग्रॅमच्या वर वजन लागत असेल तर टायर रिमवर १८० अंश फिरवून बसवा. बरेचदा मागणी निम्म्यावर येते. नाही आली तर टायर किंवा रिम खराब.

मशीनचं शून्य फक्त वजनाचं असतं, गोलाईचं नाही. लंबगोल टायरसुद्धा वजनाने बॅलन्स होतो आणि रस्त्यावर थडथडत राहतो. गोलाई घरी तपासता येते. चाक जॅकवर उचला, खाली घोडी (जॅक स्टँड) लावा, टायरच्या पृष्ठभागापासून दोनतीन मिलिमीटरवर स्क्रूड्रायव्हरचं टोक विटेवर टेकवून स्थिर धरा आणि चाक हळू फिरवा. फट कमी-जास्त होताना दिसेल. फरक दीड मिलिमीटरच्या पुढे गेला तर संशय घ्या. मग तेच टोक रिमच्या कडेशी धरा. रिम सरळ फिरते आणि टायर उड्या मारतो, तर टायर खराब. रिमच डुलत असेल तर ती कधीतरी ठोकून सरळ केलेली आहे.

फिरवताना टायरचा फुगाही शोधा, बाजूला आणि ट्रेडवरही. ट्रेडवरचा फुगा डोळ्याला चुकतो, तळहाताला लागतो.

टायरचं वय बाजूला ठशात असतं. शेवटचे चार आकडे, २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. ४५ पार उन्हात यार्डात महिनोनमहिने उभी राहिलेली गाडी टायरवर सपाट डाग घेऊन येते. पंधरावीस किलोमीटर चालल्यावर तो डाग गेला तर ठीक. गरम होऊनही राहिला तर कायमचा. रिमोल्ड (जुन्यावर नवं रबर चढवलेले) टायर पुढे असतील तर ते मागेच हलवा, बाकी चर्चा नंतर.

सगळ्यात स्वस्त चाचणी मात्र अदलाबदलीची. चारही टायर एका मापाचे असतील तर पुढची जोडी मागे आणि मागची पुढे. थरथर स्टिअरिंगमधून सीटखाली गेली तर दोष त्या जोडीत. जागची हलली नाही तर टायरवाल्याकडून निघा. चाकं परत लावताना हबचा, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या भागाचा, चेहरा वायर ब्रशने साफ करा. तिथला गंजाचा पापुद्रा किंवा रंगाचा थर चाक तिरकं बसवतो. नट हाताने लावून, एक सोडून एक, दोनतीन फेऱ्यांत कसा. शेवटचा ताण टॉर्क रेंचने द्या, हवेच्या गनने नाही. पन्नासएक किलोमीटरनंतर पुन्हा एकदा बघा.

"हवा पाच पौंड कमी ठेवा"

हवा कमी केली की टायर हिसका गिळतो आणि हाताला कमी कळतं, एवढंच. बदल्यात टायरची बाजू दर फेरीला जास्त वाकते आणि तापते. मे महिन्यात, कळमन्याला जाणारा माल भरून, कमी हवेवर पळवलेला टायर फुटायचा रस्ता धरतो. दाराच्या खांबावर किंवा पुस्तकात भरलेल्या गाडीची हवा वेगळी दिलेली असते. टायर गार असताना तीच भरा.

"ब्रेकवर थरथरलं तर पॅड बदला"

इथे लक्षण बरोबर पकडलंय, पार्ट चुकला. फक्त ब्रेक दाबल्यावर स्टिअरिंग थरथरत असेल तर बहुधा पुढच्या डिस्कची जाडी सगळीकडे सारखी राहिलेली नाही. मायक्रोमीटरने गोलावर आठ ठिकाणी मोजा. ०.०२ मिलिमीटर एवढा फरकही पायाला आणि हाताला कळतो. नवे पॅड त्याच डिस्कवर टाकले तर काही दिवस बरं वाटेल, मग पुन्हा तेच.

डिस्क अशी का होते? नट गनने वेडेवाकडे कसल्याने किंवा हबवरच्या गंजाने ती किंचित डुलत फिरते आणि दर फेरीला एकाच जागी पॅडला घासते. डुलणं डायल गेजने मोजतात. ०.१ मिलिमीटर ही बहुतेक गाड्यांत वरची हद्द धरा. मात्र गेज लावण्याआधी व्हील बेअरिंगचा प्ले (ढिलेपणा) काढा, नाहीतर बेअरिंगचा दोष डिस्कच्या नावावर लागतो. लेथवर फेसिंग (पृष्ठभाग तासून सपाट करणं) करता येतं, पण डिस्कवर किमान जाडी कोरलेली असते. त्याखाली जात असेल तर नवी जोडी. एकच डिस्क बदलायची नाही.

कॅलिपरची (डिस्कवर पॅड दाबणाऱ्या भागाची) पिन सुकून अडकलेली असेल तर वेगळं चित्र दिसतं. सुरुवातीला गाडी ठीक, दहापंधरा मिनिटांनी थरथर सुरू आणि वाढत जाते, ब्रेक न मारताही. थांबून दोन्ही पुढच्या चाकांजवळ हात न्या, टेकवू नका. एक बाजू भट्टी आणि दुसरी कोमट असेल तर कारण सापडलं.

ब्रेक मारताना सीट हलते, पेडल धडधडतं आणि स्टिअरिंग शांत असेल तर मागचे ड्रम लंबगोल झालेत.

"स्टिअरिंग बॉक्स आवळा, नाहीतर बदला"

पूर्ण मेसेजमधला सगळ्यात महागडा आणि धोक्याचा सल्ला हाच. बॉक्समधला प्ले स्टिअरिंग ढिलं करतो, थरथर निर्माण करत नाही. ॲडजस्टिंग स्क्रू आवळला की थरथर हातापर्यंत कमी पोचते, पण बॉक्स मधोमध अडकायला लागतो आणि वळणानंतर स्टिअरिंग आपणहून परत येत नाही.

त्याआधी हे करा. गाडी जमिनीवर, इंजिन चालू, हँडब्रेक लावलेला, चाकांना ठोकळे लावलेले. एकाने स्टिअरिंग चार बोटं इकडेतिकडे भराभर हलवायचं. दुसऱ्याने खाली प्रत्येक सांध्यावर हात ठेवायचा: पिटमन आर्म (बॉक्समधून निघणारा हात), ड्रॅग लिंक (त्याला चाकाशी जोडणारा दांडा), टाय रॉडची दोन्ही टोकं. ज्या सांध्यात एक भाग आधी हलतो आणि दुसरा मागून, तो गेला. रबर फाटून आत माती गेलेला एंड ग्रीस मारून वाचत नाही.

मग चाक उचला. सरळ ॲक्सल असेल तर जॅक ॲक्सलखाली. टॉर्शन बार (स्प्रिंगचं काम करणारा पिळदार दांडा) खालच्या आर्मला असेल तर त्याच आर्मखाली, बॉल जॉइंटच्या शक्य तितक्या जवळ, नाहीतर जॉइंट ताणात राहून प्ले लपवतो. चाक वर आणि खाली धरून हलवा. खुटखुट लागली तर दुसऱ्याला ब्रेक दाबायला सांगून पुन्हा हलवा. खुटखुट थांबली तर बेअरिंग, राहिली तर किंगपिन किंवा बॉल जॉइंट, म्हणजे चाक ज्यावर वळतं तो सांधा. डावी-उजवी धरून हलवलं तर टाय रॉड बोलतो. बेअरिंगचा नट नुसता आवळून देणाऱ्या मिस्त्रीला थांबवा. हब फिरवत नट घट्ट करायचा, मग ढिला सोडून पुस्तकातल्या मापावर आणायचा, आणि नट अडवणारी पिन नवी टाकायची. जास्त आवळलेला बेअरिंग तापून जातो.

पाट्यांच्या गाडीत खड्डा लागल्यावर ५०-६० ला स्टिअरिंग हातातून सुटेल असं झटके मारायला लागतं, तो प्रकार वेगळा. त्यामागे बहुधा एकच पार्ट नसतो. किंगपिन, टाय रॉड, पाट्यांचे पिन-बुश, ढिले यू बोल्ट यांचा थोडाथोडा प्ले एकत्र येतो. मागे बेसुमार माल भरून गाडीचं नाक वर गेलं की भर पडते. पुढच्या पाट्याखालची पाचर उलटी बसवली असेल तरीही. नवा स्टिअरिंग डॅम्पर (स्टिअरिंगचे झटके गिळणारा शॉक ॲब्सॉर्बर) टाकला तर काही महिने सगळं झाकलं जातं, विकणाऱ्यांना हे चांगलं ठाऊक असतं. झटके सुरू झाले तर ब्रेकवर उभं राहू नका. ॲक्सिलरेटर सोडा, स्टिअरिंग सरळ धरून वेग उतरू द्या.

"जुन्या पिकअपला एवढं चालायचंच"

जुन्या पिकअपचा आवाज, कडक पाटे, रिकाम्या गाडीचं उडणं, हे चालायचं. ठरावीक वेगाला येणारी थरथर म्हणजे काहीतरी ढिलं, वाकलेलं किंवा लंबगोल आहे. घेण्याआधी शहरातली चाळीसची फेरी पुरेशी धरू नका. आउटर रिंग रोडवर रहदारी बघून ८० पर्यंत न्या, एकदा ब्रेक मारून बघा, आणि खाली उतरून रिमवरची वजनं मोजा. दोन्ही पुढचे टायर नवे आणि मागचे-स्टेपनी जुनेपुराणे असतील तर पुढच्या चाकांत आधी काय त्रास होता ते विचारा. टेपने पुढच्या हबच्या मध्यापासून मागच्या हबच्या मध्यापर्यंत दोन्ही बाजू मोजा. सेंटिमीटरभर फरक निघाला तर सेंटर बोल्ट तुटून ॲक्सल सरकलाय किंवा चेसिस मार खाल्लेली आहे. बॅलन्सिंग शेकड्यांत होतं, टाय रॉड आणि किंगपिन हजारांत, म्हणून भाव बोलताना कोणता सांधा हलतो ते बोट ठेवून दाखवा. चेसिसचा फरक निघाला तर भाव बोलूच नका.