हुर्राक एप्रिलमध्येच प्यावी

डिसेंबर लागला की फेसबुकवर सणाच्या कॉकटेल्सचे फोटो सुरू होतात. दालचिनीची काडी, लालचुटूक क्रॅनबेरी, ग्लासच्या काठाला साखर. दिसतं सुंदर, आणि हौसेने करणाऱ्यांचं मला मनापासून कौतुक आहे. पण वर्षाचा सगळा आनंद नाताळ ते थर्टीफर्स्ट एवढ्या एका आठवड्यात कोंबायचा आणि बाकीचे महिने नुसते ढकलायचे, हे मला अजिबात पटत नाही. आमच्याकडचं सगळ्यात मोठं उत्सवाचं पेय भर उन्हाळ्यात येतं. कुठल्याही साध्या बुधवारी, मासळीचं जेवण व्हायच्या आधी, सोप्यावर, म्हणजे घराच्या ओसरीवर, बसून ते पितात. आणि मे सरता सरता ते संपतं. हुर्राक, काजूच्या फळाच्या रसाची हलकी दारू.

माझं माहेर सावंतवाडीकडचं, सासर गोव्यात, पेडण्याला. दोन्हीकडे डोंगरभर काजू. पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात ब्राझीलहून आणलेलं हे झाड इतकं आमचं झालंय की ते बाहेरचं आहे हे कुणाला सांगूनही खरं वाटणार नाही. फेब्रुवारीच्या अखेरीस बोंडू, म्हणजे काजूची फळं, पिकायला लागतात आणि वाऱ्यावर तो वास येतो. गोड, आंबूस, जरासा उग्र. ज्याला तो आवडत नाही त्याला आयुष्यभर आवडत नाही. मला तो आला की घरातली कामंसुद्धा हलकी वाटायला लागतात.

बोंडू झाडावरून तोडत नाहीत, खाली पडलेलाच उचलतात. टोकाला खिळा लावलेली काठी घ्यायची, बोंडूला टोचायची आणि वाकल्याशिवाय टोपलीत टाकायचा. मग बसून एकेकाची बी पिळून वेगळी काढायची. बी बाजारात जाते, बोंडू दारू गाळायच्या भाटीवर. हे काम उद्यावर टाकता येत नाही, कारण बोंडू रात्रभरात नासतो. दगडात कोरलेल्या कुंडीत तो पायांनी मळतात, मग चोथ्याचा ढीग रचून वर वजन ठेवतात. त्यातून थेंब थेंब झिरपणारा स्वच्छ रस म्हणजे नीरो. ताज्या नीरोत दारूचा अंशही नसतो. थंड करून प्यायला की घशाला किंचित चरचरतो आणि मग गोडवा मागे राहतो. आमच्या घरातली मुलं आणि सासूबाई तोच पितात, आणि त्यांचा उन्हाळा माझ्यापेक्षा तसूभरही कमी नसतो.

मळून निघालेला रस दोन-तीन दिवस आंबवतात. पारंपरिक पद्धतीत यीस्ट वगैरे वरून काही घालत नाहीत, तो आपसूक आंबतो. मग भाणात, म्हणजे गाळायच्या मोठ्या भांड्यात, घालून खाली लाकडं पेटवतात. पहिल्या वाफेची ती हुर्राक, अल्कोहोल साधारण १५ टक्के. तीच हुर्राक रसात मिसळून पुन्हा उकळली की फेणी, ४० टक्क्यांच्या वर. भाटीवरचे लोक हे टक्क्यांत बोलत नाहीत, ग्रावात बोलतात, आणि मुरलेला माणूस बाटली हलवून बुडबुड्यांवरून ग्राव सांगतो. मी पहिल्यांदा भाटीवर गेले तेव्हा तिथल्या काकांनी वाटी पुढे केली आणि म्हणाले, "बाय, पयलीं वास घे, मागीर पिये." तेव्हापासून ग्लास हातात आला की मी आधी वास घेते.

आता ग्लास. लांब ग्लास घ्या. अर्धं लिंबू पिळा, चिमूटभर मीठ टाका. हिरवी मिरची देठ ठेवून उभी चिरा आणि आत सोडा. बर्फ. ग्लासच्या तिसऱ्या हिश्शाएवढी हुर्राक. वरून लिम्का, तिरक्या ग्लासात हळूहळू. लिम्काचे बुडबुडे वर येतात तशा मिरचीच्या दोन-चार बिया त्यांच्याबरोबर वर तरंगतात, आणि पहिल्या घोटाला जिभेच्या टोकावर तिखट लागतं, काजू मागाहून कळतो. बाजूला सुक्या सुंगटांची, म्हणजे कोळंबीची, किसमूर हवी. सुंगटं भाजून, ओलं खोबरं, कांदा, चिंच आणि मिरचीपूड हाताने कालवलेली. चमच्याने कालवलेली किसमूर मला किसमूर वाटत नाही.

हे सगळं जमवायला फार वेळ लागत नाही. त्यासाठी कपडे बदलावे लागत नाहीत, पाहुणे बोलवावे लागत नाहीत. दिवा लागणीनंतर शेजारचे दोघे-तिघे सोप्यावर येतात. यंदा बी काय भावाने गेली, कुणाच्या बागेत मोहोर करपला, कुणाची मुलगी बारावीला बसली, एवढंच बोलणं होतं. नवरा दिवसभराचा थकवा विसरून दोन वाक्यं जास्त बोलतो. माझ्या लेखी हाच उत्सव आहे. आणि हो, मीही घेते. बायकांनी स्वयंपाकघरातून किसमूर पाठवायची आणि आपण आत बसायचं, ही रीत आमच्या सोप्यावर नाही.

हल्ली पणजीच्या बारमध्ये फेणीची कॉकटेल्स मिळतात, कोकम घालून, आलं घालून. मला त्याचा आनंद होतो. काजूच्या फेणीला २००९ मध्ये जीआय मानांकन मिळालं, २०१६ मध्ये गोवा सरकारने तिला राज्याचं वारसा पेय ठरवलं. ज्या दारूकडे लोक नाकं मुरडत होते ती आज चांगल्या ग्लासात येते, हे योग्यच झालं. फेणी टिकते, मुरते, तिला बाराही महिने ठेवा. पण हुर्राक वर्षभर मिळावी म्हणून खटपट करू नये असं माझं ठाम मत आहे. ती ठेवली की तिचा ताजेपणा जातो, आणि तिच्यात ताजेपणाच तर आहे. आंबा बारमाही झाला तर आपण त्याची वाट बघू का?

हुर्राक संपते, पाऊस येतो, आणि २४ जूनला सांजांव, संत जॉनचा सण. डोक्यावर फुलापानांचं कोपेल घालून, "विवा सांजांव" ओरडत पोरं विहिरींत उड्या मारतात. आईच्या पोटात असताना संत जॉनने आनंदाने उडी मारली होती, त्याची ती आठवण. शिवोलीला सजवलेल्या होड्या निघतात, नव्या जावयाचा मान असतो, टोपल्यांतून फणस-अननस येतात आणि सोबत फेणीची बाटली. एप्रिलात सोप्यावर प्यायलेल्या त्याच रसाची ही पुढची पायरी. म्हणून मला सांजांव खरा वाटतो. त्या बाटलीमागचं झाड, भाटी आणि माणूस आम्हाला ठाऊक असतो.

एक गोष्ट स्पष्ट लिहिते. दारूने बुडालेली घरं मी जवळून पाहिली आहेत, माहेरीही आणि इथेही. ज्याला एका ग्लासावर थांबता येत नाही त्याने नीरोच प्यावा, आणि घरच्यांनी त्याला प्रेमाने नीरोच द्यावा. हुर्राक हलकी लागते म्हणून लोक फसतात. ती घेऊन स्कूटरला किक मारू नका, चालत जा किंवा तिथेच झोपा.

आणि माहेरच्या माणसांसाठी. वेंगुर्ला, दोडामार्ग, सावंतवाडीत काजूची बी काढून झाली की बहुतेक बोंडं झाडाखालीच कुजतात. पलीकडे गोव्यात त्याच फळावर कुटुंबं उन्हाळाभर जगतात. दारू नको असेल तर नको, पण नीरो, सरबत, सिरप तरी गावागावांत का होऊ नये? वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्राने काजूच्या इतक्या चांगल्या जाती दिल्या, आता बोंडाचंही सोनं व्हायला हवं. सरकारने छोट्या घरगुती उद्योगांना सोपे परवाने द्यावेत, बचतगटांना थंड पेटी द्यावी. याबद्दल मी बोलत राहणार आहे.

इकडे यायचं असेल तर एप्रिल संपायच्या आत या. नीरो हवा तर सकाळी लवकर भाटीवर पोचा, दुपारपर्यंत तो आंबायला लागतो. बाटली घेऊन गोव्याची हद्द ओलांडणार असाल तर परवाना काढायला विसरू नका. मिरची आमच्या परसात आहे, लिंबं तेवढी येताना घेऊन या.