बारा महिने चातुर्मास

आमच्या गुंड्याने सत्यनारायणाचा प्रसाद खाल्ला आणि आमची रात्र जनावरांच्या दवाखान्यात गेली.

गुंड्या म्हणजे सोसायटीच्या पार्किंगमध्ये सापडलेला आमचा कुत्रा. वजन 18 किलो, आवडनिवड अशी काही नाही. श्रावणातल्या पूजेला आलेल्या कुणीतरी शिऱ्याचा द्रोण खुर्चीखाली ठेवला होता, तो त्याने चाटून लख्ख केला. ‘बघ, देवाच्या प्रसादाला मुकं जनावरही नाही म्हणत नाही,’ आई भरल्या गळ्याने म्हणाली. बायकोने मात्र एवढंच विचारलं, ‘आई, शिऱ्यात बेदाणे घातले होते ना तुम्ही?’

डॉक्टरांना फोन लावला. ‘किती खाल्ले?’ असं त्यांनी विचारल्यावर आम्ही उरलेला शिरा दोन द्रोणांत भरला, ताटात पालथा केला आणि चमच्याच्या टोकाने बेदाणे वेचायला बसलो. पहिल्या द्रोणात अकरा निघाले, दुसऱ्यात चार. आई दुखावली. तिला वाटलं आम्ही तिचा हात किती आखडता आहे ते तपासतोय. ‘अरे, दोन मुठी घातलेत! मोजायला मी काय वाण्याच्या घरची?’ तिकडून डॉक्टर म्हणाले, मोजू नका, घेऊन या. द्राक्षं, बेदाणे, मनुका यांनी कुत्र्याची मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात आणि कुठल्या कुत्र्याला किती बाधतील याचा काही ठोकताळा नसतो. दवाखान्यात इंजेक्शन देऊन गुंड्याला उलटी करवली. नऊ बेदाणे पडले. (मोजले मीच. एकदा सुरू केलं की थांबवत नाही.)

गुंड्या वाचला. निघताना डॉक्टरांनी मला समोर बसवून यादी सांगितली. चॉकलेट अजिबात नाही. कांदा-लसूण कच्चा, शिजवलेला, वाळवून पूड केलेला, कसलाच नाही, कारण त्याने रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. जायफळ नाही. पीनट बटर दिलंच तर डब्यावर झायलिटॉल लिहिलेलं नाही ना ते आधी बघायचं. या गोड पदार्थाने कुत्र्याची साखर धाडकन उतरते. शिजवलेली हाडं नाहीत, त्यांच्या अणकुचीदार चिरफळ्या होतात. वरून मीठ-मसाला नाही. ‘लाड करायचेच असतील तर घरी साधं काहीतरी भाजून द्या. तेही दिवसाच्या खाण्याच्या दहा टक्क्यांच्या आत.’

घरी येऊन मी आईला हे सगळं वाचून दाखवलं. तिचा चेहरा हळूहळू उजळत गेला.

‘कांदा नाही, लसूण नाही, मसाला नाही. म्हणजे हा बारा महिने चातुर्मास पाळतो म्हण की!’

‘उकडलेलं चिकन चालतं त्याला. अंडंही.’

‘हा कुठला चातुर्मास?’ आई म्हणाली, आणि श्रावण संपेपर्यंत अंडं तिच्या ओट्यावर चढणार नाही हेही तिथेच ठरलं.

तर मग बिनअंड्याचं. लाल भोपळ्याच्या बिया-साल काढून फोडी कोरड्याच वाफवल्या, घोटल्या, त्यात मावेल तेवढी कणीक आणि नाचणीचं पीठ. झालं. कृती म्हणाल तर एवढीच, लहान पोरसुद्धा करेल. अवघड काम होतं आईचा हात धरणं. पन्नास वर्षं पिठात हात घालण्याआधी मिठाच्या डब्यात घालायची सवय. ‘चिमूटभर रे, चवीपुरतं.’ मी डबा माळ्यावर ठेवला. मग गुळाचा खडा आला, तो परत पाठवला. मग म्हणे, वेलची तरी? मी तिथून हललोच नाही. भिजवलेल्या गोळ्याकडे बघून ती म्हणाली, ‘निदान चव बघू का?’ बघितली. बराच वेळ काही बोलली नाही. ‘आजाऱ्यालासुद्धा असं देत नाहीत रे,’ एवढंच म्हणाली.

आईने ते शंकरपाळ्यांसारखं लाटून कातण्याने कापलं, कडांना छान नक्षी आली. तळणाची कढई मात्र मी चढवू दिली नाही. ओव्हनमध्ये 160 अंशांवर अर्धा तास, मग ओव्हन बंद करून आतच वाळू दिलं. पूर्ण कडक झालं पाहिजे, ओल राहिली की दोन दिवसांत बुरशी. आमचे इतके कडक झाले की बायकोने एक ओट्यावर आपटून बघितला, तेव्हा आवाज ओट्याचा आला.

आता दहा टक्के. एवढ्या कुत्र्याला दिवसाला साधारण नऊशे-हजार कॅलरी लागतात, म्हणजे खाऊच्या वाट्याला नव्वदच्या आसपास. मी मुलाच्या वहीत हिशेब मांडून दिवसाला चार तुकडे ठरवले. पाचवा आई देते. ती म्हणते देत नाही. तिच्या पदराला नाचणी लागलेली असते.

गुंड्याने पहिला तुकडा हुंगला, आमच्याकडे एकेकाकडे बघितलं, तोंडात अलगद धरला आणि बाल्कनीत निघून गेला. खाल्ल्याचा कुरुम कुरुम आवाज काही आला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई तुळशीला पाणी घालायला गेली. माती उकरलेली, आणि त्यातून कातण्याच्या नक्षीची एक कड वर आलेली. मी फडकं घेऊन धावलो. आईने मला हातानेच थांबवलं.

‘राहू दे,’ ती म्हणाली. ‘नैवेद्य दाखवलाय त्याने. आता खाईल.’