वरळीच्या किल्ल्या आणि व्हिएन्नाचे भाडे

वरळीच्या बीडीडी चाळीतील 556 कुटुंबांना ऑगस्ट 2025 मध्ये पुनर्विकासातल्या नव्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या, तेव्हापासून आमच्या नातेवाइकांत एकच पालुपद चालू आहे: 160 चौरस फुटांच्या खोलीतल्या माणसांना 500 चौरस फुटांचे घर फुकट कशासाठी? वर्षानुवर्षे गृहकर्जाचे हप्ते भरणारा मुलुंडचा माझा मावसभाऊ फोनवर हा विषय काढल्याशिवाय राहत नाही. त्याची चिडचिड मला समजते, पण त्याचा राग भलत्याच माणसांवर निघतो आहे.

व्हिएन्नात मी कार्ल-मार्क्स-होफमध्ये भाड्याने राहतो. यू-फोर या मेट्रोमार्गाचे शेवटचे स्थानक हायलिगेनश्टाट समोरच आहे. एक किलोमीटरहून लांब असलेली, मूळ 1,382 घरांची ही वसाहत महापालिकेने 1927 ते 1930 या काळात कामगारांसाठी बांधली. बीडीडी चाळीही त्याच दशकातल्या आणि सरकारीच. इथे तेव्हाच प्रत्येक घरात नळ आणि शौचालय होते, शिवाय आवारात धुलाईघरे, बालवाडी, वाचनालय. तिकडे एका चाळीत 80 खोल्या आणि मजल्यावर सामाईक शौचालये. आजोबांच्या नायगावच्या बीडीडी चाळीतल्या खोलीत मोरीला पडदा लावून अंघोळी होत आणि रात्री पुरुष मंडळी व्हरांड्यात पथारी टाकत. पिढ्यान्‌पिढ्या असे दिवस काढलेल्यांच्या घराला फुकट म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

मावसभावाने खरे तर जमिनीचे काय होते आहे ते विचारावे. वरळीत सरकारी जमिनीवरच विक्रीच्या इमारती उभ्या राहणार आणि त्यांतल्या बाजारभावाच्या घरांतून पुनर्वसनाचा खर्च निघणार. म्हणजे ज्या भावाने त्याला मुलुंडपर्यंत ढकलले, त्याच भावावर ही योजनाही उभी आहे. व्हिएन्नातल्या आमच्या वसाहतीत घर विकताच येत नाही. भाडेकरू गेला की ते यादीतल्या पुढच्या कुटुंबाला मिळते, आणि आसपास डोब्लिंग या श्रीमंत भागातले बंगले असूनही आमचे भाडे त्यांच्या किमतीमागे धावत नाही.

इतके सगळे पटत असूनही मी ठाण्यात एक घर घेऊन ठेवले आहे. ते बहुतेक काळ बंदच असते आणि त्याची गरज हिशेबात बसवता येत नाही. पण मुंबईजवळ आपल्या नावाचे दार असावे, ही ओढ इथल्या इतक्या निश्चिंत भाडेकरारानेही गेलेली नाही. इथे मला कोणी उठवणार नाही हे ठाऊक असते, तरी कायमचा पत्ता लिहिताना मनात ठाणेच येते. त्यामुळे वरळीकरांनी मालकीचा हट्ट धरला, तर त्यांना भाड्याचे महत्त्व पटवून देण्याचा अधिकार मला नाही.

हा पुनर्विकास करणाऱ्या म्हाडाकडे मात्र एक मागणी हक्काने करतो. विक्रीच्या इमारतींतले काही मजले तिने न विकता स्वतःकडे ठेवावेत आणि इस्पितळांत, शाळांत, बेस्टमध्ये नोकरी करणाऱ्यांना उत्पन्नाला झेपेल अशा भाड्याने द्यावेत.