लेमिंग जीव देत नाहीत

व्हॉट्सॲपवर अधूनमधून फिरणारा मजकूर असा: उत्तर ध्रुवाकडचे लेमिंग नावाचे उंदीर संख्या फार वाढली की पुढाऱ्यामागे झुंडीने धावतात आणि कड्यावरून समुद्रात उड्या टाकतात. निसर्गाचं म्हणे हे कुटुंबनियोजन! 'डोळ्यांनी पाहिलंय' म्हणणारेही भेटतात.

पाहिलंय ते डिस्नेच्या 1958 सालच्या माहितीपटात. त्याला ऑस्करही मिळालं. चित्रीकरण झालं कॅनडातल्या अल्बर्टात, जिथे समुद्रकिनाराच नाही. लेमिंग कॅनडाच्याच मॅनिटोबा प्रांतातून विकत आणलेले. थोड्याच प्राण्यांना फिरत्या चकतीवर पळवून झुंडीचा आभास केला आणि मग त्यांना नदीत ढकललं. 1982 मध्ये सीबीसी या कॅनडाच्या सरकारी दूरचित्रवाणीने हे उघडकीला आणलं. याला आत्महत्या म्हणत नाहीत.

पुढाऱ्याचं म्हणाल तर नॉर्वेतला लेमिंग मुळात एकलकोंडा आणि महाभांडखोर. दोन मोठे एका पिंजऱ्यात ठेवले तर जुंपलीच म्हणून समजा. असे प्राणी कुणाच्या मागे शिस्तीत निघतील?

पुष्कळ वाढले की ते डोंगरावरून खाली पांगतात, हे मात्र खरं. वाटेत नदी लागली तर पोहून जातात; काही बुडतात. जायचं असतं पलीकडे.

उरतो खरा प्रश्न: एका वर्षी पायाखाली येतील इतके आणि पुढच्या वर्षी शोधूनही दिसत नाहीत, मग जातात कुठे? ईशान्य ग्रीनलंडमध्ये 1988 पासून त्यांचा माग ठेवला जातोय. हिवाळ्यात लेमिंग बर्फाखाली गवताची घरटी करतात; बर्फ वितळला की संशोधक ती मोजतात. काही घरट्यांना आतून लेमिंगच्याच केसांचं अस्तर असतं. तिथे स्टोट शिरलेला असतो, बिळात सहज घुसणारा सडपातळ शिकारी. मालकाला खाऊन तो तिथेच मुक्काम ठोकतो. हिमघुबड, ध्रुवीय कोल्हा आणि स्कुआ पक्षीही लेमिंगवर ताव मारतात, पण लेमिंग वाढल्यावर स्टोटची संख्या वर्षभर मागाहून वाढते, म्हणून लेमिंगची संख्या घसरतानाही तो त्यांना सोडत नाही. 2003 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने लेमिंगच्या संख्येतल्या दर चार वर्षांच्या चढउताराचं गणित या चार शिकाऱ्यांवरच जुळवून दाखवलं.

दक्षिण नॉर्वेत तर 1994 नंतर बरीच वर्षं तो चढच आला नाही. तिथे हिवाळे उबदार झाले, जमिनीलगतचा बर्फ वितळून पुन्हा गोठू लागला, आणि खालची मोकळी जागा व चारा दोन्ही लेमिंगच्या हाताबाहेर गेले. ग्रीनलंडमध्येही 2000 नंतर चढ आटले, तशी हिमघुबडांची पिल्लंही जवळपास दिसेनाशी झाली.